घरचीला कशाला दाखला?

४ मार्च

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं दुकान ठीक, मी ठीक, आईचे गुडघे तेवढे ठीक नाहीत. शाळेची तीनशे हजेरीपुस्तकं बांधायला आलीत, वीस तारखेला द्यायची आहेत.

पत्राचं कारण वेगळंच. मी घर घेते आहे. आयुष्यातलं पहिलं! दोन खोल्या, तळमजला, म्हणजे आईला जिना नको. विकणाऱ्या मास्तरीणबाई पंचवीस तारखेपर्यंत थांबतील, पुढे नाही. बँकेत सगळे कागद दिले, एकच अडलाय. तुमची इथली बाइंडिंगची शाखा मी अकरा वर्षं पगारावर चालवते, एवढं सही-शिक्क्यानिशी लिहून हवं. चार ओळींचं काम, उलट टपाली पाठवा.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, या वेळी तो पाकिटात घालून धाडावा.

तुमची भाची,
ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसूच आलं. अगं, दाखले नोकरांना देतात. तू घरची! दुकानावरची खोली तुझीच आहे, कधी भाडं मागितलं? ताईला जिना जड जातो तर तिने खाली उतरू नये, म्हणजे चढायचा प्रश्नच नाही. आणि बँकवाले एकदा आत शिरले की आपल्या वह्या-चोपड्या मागतात, नसतं झेंगट. तरी तुझा हट्ट म्हणून दाखला सोबत जोडलाय. मामी म्हणते, घर शोधण्यापेक्षा नवरा शोध, घर आपोआप मिळतं.

ताईला नमस्कार. माया आहेच, वेगळी काय लिहू?

तुझा मामा

१३ मार्च

मामा,

आज नमस्कार लिहायला हात उठत नाही.

तुमचा दाखला बँकेच्या साहेबांनी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. ही माझी भाची असून फावल्या वेळात दुकानात मदत करते! अहो, फावल्या वेळात? अकरा वर्षं सकाळी आठला कुलूप मी उघडते. खळ मी शिजवते, दाभण माझ्या बोटात घुसतं, गिऱ्हाइकांच्या शिव्या मी खाते. यातला फावला वेळ कुठला, ते जरा बोट ठेवून दाखवा. साहेबांनी विचारलं, मग पोटापाण्यासाठी काय करता? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिघा कारागिरांची नावं हजेरीपटावर आहेत, माझं नाही. का, तर मी घरची. रजा नाही, कारण मी घरची. आणि आईने खाली उतरू नये म्हणता? थोरली बहीण आहे ती तुमची! आठ महिने तिने रस्त्यावर पाऊल टाकलेलं नाही. मामीला सांगा, नवऱ्याबरोबर घर मिळालं खरं, पण त्याच्या कागदावर तुझं नाव आहे का, ते एकदा बघ म्हणावं.

तर सोमवारपासून मला फावला वेळ नाही. किल्ल्या शेजारच्या शिंप्याकडे ठेवते. निम्मी हजेरीपुस्तकं शिवायची राहिलीत. या आणि शिवा.

ठमी

१७ मार्च

ठमे,

आशीर्वाद नंतर. दुकानाला टाळं का म्हणून हेडमास्तरांचा निरोप आला. चारचौघांत माझी अब्रू गेली. लाडाने डोक्यावर बसवलं, त्याचं हे फळ! भाची असशील, पण कायदा कायदा आहे. अकरा वर्षं पूर्णवेळ, पगारावर, शाखा सांभाळणाऱ्या नोकराला महिनाभर आधी कळवल्याशिवाय काम सोडता येत नाही. नंतर मिळालं नाही म्हणशील, म्हणून ही ताकीद मुद्दाम दुकानाच्या छापील कागदावर सही-शिक्क्यानिशी पाठवतोय. पत्र मिळताच दुकान उघड.

दुकानाचे मालक

२४ मार्च

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

ताकीद पोचली. वाचून आधी रडले. नोकर हा शब्द तुमच्या अक्षरात पहिल्यांदाच पाहिला. मग परत एकदा वाचली, डोळे पुसले आणि तशीच बँकेत गेले. साहेबांनी शिक्का पाहिला, 'अकरा वर्षं पूर्णवेळ, पगारावर' याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाले, एवढंच तर हवं होतं. काल कर्ज मंजूर झालं. मास्तरीणबाईंना मंजुरीचं पत्र नेऊन दाखवलं.

शिंप्याकडून किल्ल्या परत घेऊन हजेरीपुस्तकं वीस तारखेलाच शाळेत पोचवली, पोरांचा आणि मास्तरांचा काय दोष? तुमचा कायदा मानून महिनाभर येईन. आठ ते सहा, वर एक मिनिट नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

आई म्हणते, भावावर राग धरू नये. मी धरलाय, आणि तो इतक्यात सुटायचा नाही. अकरा वर्षं घरची होते, तेव्हा घर मिळालं नाही. तुम्ही नोकर म्हणालात आणि आठवड्यात मिळालं.

आईचा आशीर्वाद आहे. माझ्याकडून लोभाची अपेक्षा सध्या नसावी.

तुमची नोकर,
महिन्यापुरती