लाल दोऱ्याची विळी

नेकनूर, फसली १३२२, माघ, मंगळवार, सांजवेळ

दोन दिवस झाले, भागामावशीकडे उतरलोय. एकटी बाई. सागुतीची चूल अंगणात, विळीही निराळी, पाटाला लाल दोरा बांधलेली. "कच्च्या मटणाच्या ह्या विळीवर दुसरं काय चिरायचं न्हाई," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. "आमचे मालक हिच्यावर चिरलेल्या कांद्यानं गेले. तीन दिस ओकत हुते."

आणि मी काय केलं? रस्त्यानं अस्वलवाला चालला होता. त्याच्याकडे बघत बघत त्याच विळीवर कांदा चिरला. ताटं वाढल्यावर कांद्यात लाल दोऱ्याचा तुकडा दिसला. सांगावं? सांगितलं तर हाकलून देईल. पुन्हा रस्ता, पुन्हा देवळाची ओसरी. गप्पच बसलो.

मावशीनं कांद्याची फोड उचलली, तसं तोंडातून निघालंच. "मावशी, खाऊ नका. मी लाल दोऱ्याच्या विळीवर चिरलाय."

रागावली नाही. फोड खाली ठेवली, लई वेळ त्या दोऱ्याकडं बघत राहिली.

"त्या दिशी कांदा मीच चिरलता," ती म्हणाली. "दोरा असाच ताटात दिसलता. मालक मारतील म्हणून बोलले न्हाई."

कांदा तिनं परड्यात पुरला. मग विळी राखेनं घासायला बसली. हे लिहितोय तरी घासतेच आहे.