अस्वल कोणाजवळ ठेवायचं

भामरागड, ता. ९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सरिताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इथला टॉवर पंधरा दिवस बंद आहे, म्हणून पत्र. आईला जाऊन तीन महिने झाले आणि मी रडले नाही, याची वहिनीला काळजी लागलीय. तिला सांग, मी जेवते, आश्रमशाळेत शिकवते, महिन्यातून एकदा शनिवारी बसनं चंद्रपूरला एम.ए.च्या वर्गालाही जाते. फक्त काहीच आत पोचत नाही. मानसशास्त्राच्या पुस्तकात याला नाव आहे. ते परीक्षेत लिहिलं, दहापैकी आठ मिळाले.

प्रात्यक्षिकासाठी एका मुलाची बुद्धिचाचणी घ्यायची होती. चौथीतली सोमारी निवडली. माडिया घरची पोर, मराठी जेमतेम. अस्वल, बैल आणि मोहाची फुलं अशी चित्रं ठेवून एका जातीची दोन निवड म्हटलं. तिनं अस्वल झटक्यात मोहाजवळ ठेवलं. पुस्तकातलं उत्तर अस्वल आणि बैल. बाकीचंही असंच, म्हणून वाढ मंद असा अहवाल दिला. एम.ए.चे सर खूश झाले. मुख्याध्यापकांनी प्रत मागून घेतली आणि परवा तिच्या बापाला बोलावून पोर घरी न्यायला लावली.

मुलांना पापा. माया आहे ती असू द्यावी.
तुझी, सरिता

राजुरा, ता. २० फेब्रुवारी २०२५

चि. सरूस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वहिनीनं मोठ्यानं वाचलं. बाकीचे दोन मार्क कुठं सांडले, असं ती विचारते.

पण मी त्या चित्रांपाशी अडलो. मी दहावी नापास, खाणीत डंपर चालवणारा माणूस. मीही अस्वल मोहाजवळच ठेवलं असतं. आई मोह वेचायला न्यायची तेव्हा फुलं खायला आलेलं अस्वल पळावं म्हणून झाडाखाली जाण्याआधी डबा वाजवायला लावायची, विसरलीस काय? मोहाखाली ज्याला आधी अस्वल आठवत नाही, तोच मंद. वहिनीनंही तेच लावलं, म्हणजे आपलं अख्खं घर नापास. राग मानू नको, पण तुझ्या कागदानं पोर घरी बसली असेल तर तू स्वस्थ बसू नयेस, असं मला वाटतं.

जीव सांभाळ, विसरू नको.
तुझा दादा, अश्वजित

भामरागड, ता. १७ मार्च २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ती चित्रं स्वतःपुढे मांडली. माझाही हात मोहाकडेच गेला. लाज वाटली, दादा. आई गेल्यापासून वाटलेली पहिली गोष्ट.

चंद्रपूरला जाऊन अहवाल मागे घेतला. एम.ए.चं वर्ष वाया जाईल, असं सर म्हणाले. जाऊ द्या म्हटलं. चूक माझी आहे, असं मुख्याध्यापकांनाही लिहून दिलं. त्यांनी कुरकुर करत पोरीचं नाव पटावर परत घातलं. मग सोमारीच्या घरी गेले. तिचा बाप चैतू सगळं ऐकून म्हणाला की बाई, पोरीले समजत नाई असं तुमीच लिवलं, मंग आता काऊन नेता. मी हात जोडले. दोन दिवसांनी त्यानंच आणून सोडली.

काल तिला जवळ घेतलं आणि खिडकीबाहेरच्या झाडाला तुमच्या बोलीत काय म्हणतात, असं विचारलं. तिच्या अंगणातही तेच झाड आहे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मले समजत नाई म्हणाली. तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं पुरं मराठी वाक्य. ते माझ्या अहवालातूनच तिच्यापर्यंत पोचलं.

मला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. मी तिच्याशेजारी बसून राहिले.

वहिनीस जयभीम. माझ्यावरची माया कमी करू नये.
तुझी, सरिता