टकटक मॅडम

मालेगाव, जि. वाशिम
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. निता हिला ताईचे अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील. घाबरू नकोस, आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तिची स्वतःची कुरकुर त्याहून जास्त. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, थंडी पडू लागलीय. माझा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास जोरात आहे. यंदा बावीस पोरं-पोरी आहेत. अजूनही 'डिस्कस अबाउट' म्हणतात, 'मॅरिड विथ' म्हणतात, आणि अजूनही मी पेनानं टेबलावर टकटक करते. नियम तोच. टकटक झाली की थांबायचं, चूक शोधायची, वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. गावभर माझं नाव टकटक मॅडम पडलंय. मला ते आवडायचंही.

माझी एक विद्यार्थिनी आहे, वैभवी. शिरपूरकडच्या एका खेड्यातली, इंद्रभान नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. पुण्याच्या एका कंपनीत ग्राहकांशी फोनवर बोलायचं काम आहे, त्याच्या दोन फेऱ्या ती पास झाली होती. त्यांच्या गावातून नोकरीसाठी एकटी बाहेर पडणारी ती पहिलीच मुलगी ठरली असती. शेवटची मुलाखत सोमवारी लॅपटॉपवर झाली. तिच्या घरी रेंज नाही म्हणून माझ्या घरच्या क्लासात. ती फिसकटली. ऐनवेळी लाइट गेली.

निता, लाइट गेली नव्हती. खोटं लिहिलंय, पण खोडत नाही. गेले सहा दिवस मी गावात सगळ्यांना हेच सांगत फिरतेय, त्यामुळे हातातूनही तेच उतरलं.

खरं लिहिते. सकाळी वैभवी म्हणाली, "मॅडम, तुमी समोर बसा, मले धीर येते." मी लॅपटॉपच्या मागं, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असं स्वतःला बजावलं होतं. पोरगी छान बोलत होती गं. हसत होती. मग म्हणाली, "आय ॲम गुड इन टॉकिंग टू पीपल." आणि माझ्या हातानं टेबलावर टकटक केलं.

मी ठरवून केलं नाही. शपथेवर सांगते, पेन वाजल्यावर मलाच कळलं. वैभवी थांबली आणि नियमाप्रमाणं पहिल्यापासून म्हणाली, "आय ॲम गुड ॲट टॉकिंग टू पीपल." तिथंच हात मांडीखाली दाबून बसायला हवं होतं. पण पुढच्या पाच मिनिटांत मी आणखी तीनदा वाजवलं. तिनं तिन्ही वाक्यं सुधारली.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, खोलीत कोणी आहे का? वैभवी माझ्याकडं न बघता म्हणाली, "नो मॅम." बाई म्हणाल्या, लॅपटॉप फिरवून खोली दाखवा.

आणि मी काय केलं असेल? उठून उभी राहिले? 'मी तिची टीचर, चूक माझी' असं त्या बाईंना सांगितलं? तेवीस वर्षं इंग्रजी शिकवणारी तुझी बहीण टेबलाखाली जाऊन बसली. पदर मात्र बाहेर राहिला. तो त्यांना दिसला. कोणीतरी खुणा करून उत्तरं सांगतंय, असं म्हणून त्यांनी मुलाखत बंद केली. वर्षभर परत अर्ज करता येणार नाही म्हणाल्या. मी हे सगळं टेबलाखालून ऐकलं. अजून विश्वास बसत नाही की ती मीच होते.

ओसरीवर इंद्रभान वाट पाहत होते. वैभवीनं त्यांना सांगितलं, "माहीच चूक झाली बाबा, बोलतानी अटकली मी." माझ्यादेखत सांगितलं, आणि मी माझ्याच ओसरीवर गप्प उभी राहिले. निघताना हळूच मला विचारते, "मॅडम, चारही वाक्यं मंग बरोबर झाली ना?"

शुक्रवारी त्यांच्या घरी गेले. मी काही सांगायच्या आधीच इंद्रभान म्हणाले, "पोरगी चार दिसांपासून बोलून नाही राह्यली मॅडम. मायले भाकर मांगाची तं बोटानं दाखवते. आपल्या मराठीतबी तोंड उघडत नाही. काहून व्हय असं?"

तिथंच बाजेवर बसून सगळं सांगितलं, टेबलासकट. इंद्रभान एवढंच म्हणाले, "तुमी?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन कंपनीला माझ्या नावानं सगळं लिहून कळवलं. काल उत्तर आलं, मंगळवारी पुन्हा एकदा घेतील. मी ताबडतोब वैभवीकडं गेले. तिनं ऐकून घेतलं आणि पाच दिवसांतलं पहिलं वाक्य बोलली, "मॅडम, तुमी बाहेर थांबसान ना?"

हो म्हणाले. मंगळवारी बसस्टँडवर जाऊन बसणार आहे.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. तुझ्या बढतीच्या जेवणाला तुझ्या ऑफिसचे लोक आले होते. तू त्यांना बाबांबद्दल सांगत होतीस. 'माय फादर वॉज सफरिंग विथ कॅन्सर' म्हणालीस आणि मी चमच्यानं ताटावर टकटक करून 'फ्रॉम' म्हटलं. ते लोक हसले. तू उठून आत गेलीस ती आजतागायत माझ्याशी बोलली नाहीस. मी दोन वर्षं सगळ्यांना सांगितलं, निता फार हळवी आहे, एवढ्या-तेवढ्यावरून रुसते. आपले बाबा गेल्याचं तू सांगत होतीस, आणि मला त्यात फक्त चूक ऐकू आली. मला माफ कर.

त्या दिवशी बाबांबद्दल तू पुढं काय सांगणार होतीस, ते मला कधी कळलंच नाही. मला ते ऐकायचंय.

तुझं ऐकून घ्यायचं राहून गेलेली,
वैजयंताताई