शेवटच्या पानावरचा चारशे बारा

विलारा,
१४ जुलै २०११

क्लॅरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न उघडताच शेगडीत टाकलं नसशील, तर आधी तब्येत विचारतो. कशी आहे? माझी ठीक. गुडघे गेले, आवाज शाबूत आहे. थंडी यंदा हाडात शिरते. सकाळी अंगणातला नळ गोठलेला असतो आणि त्यावर बसून काकाकुवे मला शिव्या घालतात. माझी बायको, उना, गेली त्याला सप्टेंबरात चार वर्षं होतील. तुझी लेक ग्लेनिस त्या दिवशी चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली होती आणि शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आत उठून गेली. मी पाहिलं होतं.

एकतीस वर्षांनी पत्र कशाला, असं विचारशील. कादंबऱ्यांसाठी. हसू नकोस.

खाणीत डब्याच्या सुट्टीत मी मजुरी आणि भांडवलावरची जाडजूड पुस्तकं उघडून बसायचो आणि तू मांस-बटाट्याच्या पेस्टीच्या डब्यातून तेलकट कादंबरी काढायचास. मी म्हणायचो, "क्लॅरी, कादंबरी म्हणजे मालकांनी कामगाराला दिलेली झोपेची गोळी आहे." आणि तू म्हणायचास, "मर्व्ह, तुझ्या पुस्तकाला तर गोळीही लागत नाही. दुसऱ्या पानावरच घोरतो मी." तेव्हा सगळी पाळी हसली होती. मी नव्हतो हसलो.

आता युनियनच्या हॉलमध्ये व्यायामशाळा आहे. मी ज्या व्यासपीठावरून बोलायचो तिथं बायका पळायच्या पट्ट्यावर पळतात आणि कुठंच पोचत नाहीत. घरी दिवसभरात माझं बोलणं ऐकायला एक किटली. गेल्या हिवाळ्यात वाचनालयात जायला लागलो ते तिथल्या हीटरसाठी, हे कबूल करतो. नुसतं बसलं की पुस्तकं देणारी नोरीन बघते, म्हणून एक पुस्तक हातात घेतलं.

ते बक्षीस मिळालेलं होतं. नायक सिडनीतल्या फ्लॅटमध्ये बसून चारशे पानं आपल्या मोडलेल्या लग्नाचा विचार करतो. चारशे पानांत हा माणूस एकदाही कामावर जात नाही! भाडं कोण भरतं? लेखकाला हा प्रश्न पडत नाही आणि बक्षीस देणाऱ्यांना तर नाहीच. नंतर एक खुनाची वाचली. खुनी दंतवैद्य निघतो, हे मला साठाव्या पानावर कळलं, कारण अख्ख्या पुस्तकात तेवढाच एक माणूस सगळ्यांशी चांगला वागतो. तिसरी मात्र मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीच्या स्वयंपाकिणीची. क्लॅरी, काय बाई आहे ती! तीस माणसांचा रस्सा ढवळता ढवळता ती मुकादमाला जे ऐकवते, तसलं भाषण मला उभ्या आयुष्यात जमलं नाही. शेवटी ती एकटीच रस्त्याला लागते आणि मागून कुणी हाक मारत नाही. ते पान संपल्यावर मी बराच वेळ चष्मा पुसत बसलो.

आणि मग त्या कोऱ्या शेवटच्या पानावर, खाली कोपऱ्यात, पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: ४१२.

इथल्या म्हाताऱ्यांची सवय मला माहीत आहे. आपण हे वाचलंय हे कळावं म्हणून कुणी आद्याक्षर टाकतं, कुणी फुली, मिसेस ओडगर्स तर एक चिमुकलं बदक काढते. पण चारशे बारा? मी उलटं पहिलं पान काढलं. तिथंही चारशे बारा. खाणीत नंबर नोंदवायचा तसा, खाली जाताना एकदा, वर आल्यावर एकदा. या गावात तो बिल्ला एकाच माणसाच्या पट्ट्याला होता.

तेव्हापासून मी कपाटात पुस्तक निवडत नाही. शेवटचं पान बघतो, तुझा नंबर असला तर घेतो. अकरा झाली. तुझी निवड वाईट नाही. त्या सिडनीवाल्याबरोबर तू शेवटपर्यंत कसा गेलास, तेवढं कळव.

मर्व्हिन पेनहेल

विलारा,
२ ऑगस्ट

क्लॅरी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी काही उत्तराच्या आशेनं लिहिलं नव्हतं, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. रोज अकराला पोस्टाची गाडी येते तेव्हा मी कुंपणापाशी असतो. गवत काढतो. आता काढायला गवत उरलेलं नाही.

कादंबऱ्यांचं सांगतो. चौदा झाल्या. मोती काढणाऱ्या होडीवरची आवडली, पण वादळ फार वेळा येतं. सध्या टास्मानियातल्या सफरचंदांच्या बागेची वाचतोय. दोन बहिणी. एकीनं भर जेवणात दुसरीबद्दल एक वाक्य म्हटलं आणि मग त्या एकाच बागेत, दोन घरांत, तीस वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. माझं मत विचारशील तर हे ओढूनताणून आहे. दोन शहाणीसुरती माणसं एका वाक्यापायी तीस वर्षं गप्प बसतील, हे पटत नाही. लेखिकेला पानं भरायची होती. एखादा माणूस मध्ये उठून सरळ सांगेल ना की बाई, चुकलं माझं! त्यात अवघड काय आहे?

जेवायला उठतो. पुढचं नंतर.

दुपार. कादंबरी संपली. शेवटी काय होतं ते लिहीत नाही. कारण शेवटच्या पानावर तुझा नंबर नाही.

पहिल्या पानावर आहे. पण केवढा! शाळेतल्या पोरानं फळ्यावर काढावा तसा, वाकडा. मग दोनशे एकतिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला. पुढे काही नाही.

तू आपला नियम विसरला नसशील. पाळी संपली की जोडीदाराचा बिल्ला फळीवर लागल्याशिवाय आपला लावायचा नाही. एकाचा खिळा रिकामा, म्हणजे माणूस अजून खाली आहे. मी कोट चढवला आणि तसाच वाचनालयात गेलो.

"नोरीन, हे पुस्तक माझ्याआधी कुणी नेलं होतं?"

"ते सांगता येत नाही, मर्व्ह. नियम आहे."

"नियम मला शिकवू नकोस. मी चाळीस वर्षं नियम लिहिले."

"मग पाळायला तुम्हाला सोपं जाईल."

मी ते पहिलं पान तिच्यापुढे धरलं. "पुस्तकात पेन्सिल लावली तर दंड आहे ना? मग याला का नाही केलास?"

तिनं चष्म्यावरून बघितलं. "वीस वर्षं हा माणूस दर गुरुवारी तीनला यायचा. कुणी त्याच्या टेबलावर बसायचं नाही. मी पुस्तकावर शिक्का मारायचे तेव्हा तो 'आभारी आहे' म्हणायचा. कधीकधी मला वाटायचं, आठवड्यात तेवढाच शब्द तो गावात कुणाशी बोलत असेल. मी त्याला दंड करू, मर्व्ह? तुम्ही सांगा."

मी टोपी काढून हातात घेतली. हे तुला खरं वाटणार नाही.

मग तीच हळूच म्हणाली, "मोठ्या अक्षरांच्या कपाटातलीसुद्धा आता त्याला दिसत नाहीत. हे पुस्तक परत करायला त्याची मुलगी आली होती. आणि मी तुम्हाला हे काहीही बोललेली नाही. निघा आता, बंद करायची वेळ झाली." तेव्हा सव्वातीन वाजले होते.

म्हणजे तुझे डोळे गेले. म्हणजे माझं पहिलं पत्र, कुठं हसायचं ते ठरवून लिहिलेलं पत्र, तू वाचलंच नाहीस. ग्लेनिसनं वाचून दाखवलं असेल. किंवा नसेल. आणि हेही तिच्याच हातात पडेल.

इथं थांबतो. मला जरा विचार करू दे.

मर्व्ह

विलारा,
९ ऑगस्ट

क्लॅरी, आणि ग्लेनिस,

ग्लेनिस, हे तू मोठ्यानं वाच. मला हे तुझ्यापुढे बोलायचं नव्हतं. तुझ्या बापापुढे एकट्यानं बोलायची माझी तयारी कशीबशी झाली होती. पण वाचणारी तूच आहेस, आणि विचार केल्यावर वाटलं, तेच बरोबर आहे.

ऐंशी सालचा संप बरोबर होता. तो आजही मी कुठल्याही पायरीवर उभा राहून बरोबर ठरवीन. तीन वर्षांत नऊ माणसं त्या खाणीनं गिळली होती. त्याबद्दल मी एक शब्दही मागे घेत नाही. पाचव्या महिन्यात आमच्या समितीनं ठरवलं की खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपांवरची माणसंही वर काढायची. खाण बुडू दे, मालक बुडू दे. बाजूनं पाच मतं पडली, विरुद्ध चार. पाचवा हात माझा होता.

त्याच दुपारी मी क्लॅरीला फुटबॉलच्या मैदानामागे भेटलो. मी म्हणालो, "पाणी सातव्या मजल्याला लागलं की ही खाण कुणी पुन्हा उघडणार नाही. जिंकून आपण कामावर जाणार कुठं? कुणीतरी पंप चालू ठेवायला हवेत."

क्लॅरी म्हणाला, "कुणीतरी म्हणजे?"

मी मैदानाकडे बघत राहिलो.

"मी गेलो तर तू सांभाळून घेशील, मर्व्ह?"

"घेईन," मी म्हणालो.

हे एवढंच, ग्लेनिस. हे तिसऱ्या माणसाला माहीत नाही. उनालाही नव्हतं. पाच दिवसांनी हॉलच्या पायऱ्यांपुढे अकराशे माणसं उभी होती, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "पंपावर कोण आहे ते सांगा!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो क्षण मला मिळाला होता. मी म्हणू शकलो असतो, मीच पाठवलंय त्याला, आणि का पाठवलंय तेही ऐका. माझ्याजवळ आवाज होता, शब्द होते, ती माणसं माझ्या मुठीत होती. पण मी घाबरलो, आणि घाबरलेला वक्ता फार मोठ्यानं बोलतो. मी म्हणालो, "चारशे बारा! क्लॅरेन्स टॉन्किन, संपफोड्या! याच्याशी जो बोलेल तो आपला नाही!" इतकी दाद मिळालेलं वाक्य मी पुन्हा कधी बोललो नाही. संध्याकाळी पोरांनी बिल्ल्यांच्या फळीवरून तुझ्या बापाचा खिळा उपटून आणून माझ्या हातात दिला. मी तो खिशात ठेवला.

आठव्या महिन्यात संप जिंकलो. खाण कोरडी होती, म्हणून दोन आठवड्यांत सुरू झाली आणि पुढे एकोणीस वर्षं तिनं अकराशे घरं जगवली. मला त्यांनी खांद्यावर घेतलं. क्लॅरीला कुणी ग्लासभर बिअर विकली नाही.

तुझा दहावा वाढदिवस मला आठवतो. सगळ्या वर्गाला बोलावलं होतंस. उनानं आमच्या हेदरला पिवळा फ्रॉक घालून, हातात भेट देऊन तयार केलं होतं. मी दारात आडवा उभा राहिलो. बास, नुसता उभा राहिलो. तुझ्याकडे त्या दिवशी कुणीच आलं नाही हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि मी समितीच्या बैठकीला गेलो. हेदर आता पर्थला असते. नाताळला फोन करते. तो फ्रॉक तिला आठवतो. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं.

क्लॅरी, तू कधीच तोंड का उघडलं नाहीस? एका माणसाला सांगितलं असतंस तरी मी संपलो असतो. एकतीस वर्षं मी रस्त्यात तुला बघून दुसऱ्या बाजूला गेलो, आणि दर वेळी वाटायचं, आज हा बोलणार. तू नुसती टोपीला बोट लावायचास.

मागच्या पत्रात त्या बहिणींची कादंबरी ओढूनताणून आहे असं मी लिहिलं. ते मत मागे घेतो. लेखिकेला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. मध्ये उठून सरळ सांगण्यात काय अवघड आहे, हे मला आता कळलं. चूक माझी होती. तुझी नव्हती. हे मी सप्टेंबरात, खाणीतल्या मृतांच्या स्मरणदिनी, त्याच पायऱ्यांवरून म्हणणार आहे. जे ऐकायला उरलेत ते ऐकतील. पण तू नको म्हणालास तर नाही म्हणणार. एकदा तुझं नाव तुला न विचारता घेतलं, तेवढं पुरे.

आता कामाचं. दोनशे एकतीसपासून एकोणसाठ पानं उरली आहेत. ग्लेनिस दिवसभर कामावर असते हे मला माहीत आहे. पुस्तक मी माझ्या नावावर परत घेतलंय. गुरुवारी तीन वाजता तुझ्या फाटकाशी येतो. उघडं असलं तर आत येऊन वाचीन. बंद असलं तर रस्त्यावर उभा राहून वाचीन. माझा आवाज तीन गल्ल्यांपलीकडे जातो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तू खिडकी लावून घेतलीस तर तेही समजेन. तरी पान पुरं करूनच जाईन. शेजारी काय ऐकायचं ते ऐकू देत.

खिळाही आणतो. गंजलाय, पण सरळ आहे.

पहिल्या पानावर तुझ्या नंबराखाली मी माझा लिहिलाय. नोरीनला सांगू नकोस. शेवटचं पान कोरं ठेवलंय. तुझा लागल्याशिवाय माझा लावणार नाही.

तुझा जोडीदार, अजून खालीच,
तीनशे सत्त्याऐंशी