चौकोनांत अडकलेल्या कविता

प्रिय मेहुणेबुवा,

चष्म्यांचे दुकान आणि दुकानदार दोघेही धड असतील असे धरून आशीर्वाद पाठवतो. सौ.चा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत वयाला शोभेल इतकी बिघडलेली आहे, काळजी नसावी.

तुझ्या ताईने शेवटच्या आजारपणात शाळेतल्या कविता आठवून आठवून संगणकावर टाइप केल्या होत्या. (निम्म्या ओळी चुकीच्या. मी पुस्तकातली ओळ म्हणून दाखवली की म्हणायची, "पुस्तक तुमचं, आठवण माझी.") त्या फाईलची नक्कल माझ्याकडे आहे, पण ज्या कंपनीचा तो प्रोग्राम, ती कंपनीच बुडाली. आता नव्या संगणकावर फाईल उघडावी तर कवितांच्या जागी ओळीने रिकामे चौकोन दिसतात. मी अधूनमधून उघडतो, चौकोन बघतो, बंद करतो.

अशात आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत (मी तिथे केवळ वयामुळे आहे) विषय निघाला, की जुने दस्तऐवज संगणकावर कोणत्या स्वरूपात जपायचे. मला स्फुरण चढले. म्हटले, ज्याची रचना सर्वांना खुली आहे, जे कुणाच्याही प्रोग्रामात उघडते, तेच स्वरूप घ्या. नाहीतर कंपनी गेली की अक्षरेही तिच्या मागोमाग जातात. चिटणीस (यांचे जावई संगणक विकतात) म्हणाले, "अहो, सगळं जग एकच प्रोग्राम वापरतं, आपण कशाला वेगळी चूल मांडायची?" मी म्हटले, "चूल कुणाचीही असू द्या, भांडं सगळ्या चुलींवर बसलं पाहिजे." इथे टाळ्या येतील असे वाटले होते. खजिनदार खोकले.

मग पुरावा म्हणून मी तुझ्या ताईची फाईल भिंतीवर मोठी करून दाखवली. खजिनदारांनी बराच वेळ निरखून विचारले, "फरशी छान आहे. कुठून घेतलीत?" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र दिवा न लावता बसून राहिलो.

तरी ठराव माझ्या बाजूने मंजूर झाला. चिटणिसांनी तो टाइप करून सर्वांना पाठवला, त्यांच्याच प्रोग्रामात. माझ्याकडे उघडला तेव्हा समासाने मजकूर गिळला होता आणि सह्या पहिल्या ओळीवर चढून बसल्या होत्या. थोडक्यात, मी जिंकलो असे ऐकतो; वाचता आलेले नाही.

लहानपणी कविता पाठ करणे छळ वाटायचे. आता वाटते, तेवढ्या एका जपणुकीला कुठलाच प्रोग्राम लागत नव्हता. पण डोकीही बंद पडतातच.

तुझा,
दाजी

ता.क. तुझी लेक फोनवर म्हणाली, की मी तुमच्या माळ्यावर ठेवायला दिलेला ताईचा जुना संगणक तू रविवारी भंगारात देणार आहेस. देऊ नकोस. तो प्रोग्राम आता फक्त त्यातच उरला आहे. मी शनिवारच्या गाडीने येतो. कविता मला पाठ आहेत रे. मला तिच्या चुका हव्या आहेत.

आणखी एक. मी पोचायच्या आत राहवले नाही आणि तू फाईल उघडलीसच, तर बंद करताना यंत्र विचारेल, बदल जतन करायचे का. नाही म्हण. शेवटची ओळ तिने अर्ध्यावर सोडली आहे, आणि तुला ती पुरी येते, हे मला ठाऊक आहे.