तीनशे किलोंची परीक्षा

१ नोव्हेंबर, सकाळ
आज उगाच लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली रोजची सकाळ आठवली. खाली आमची सेकंडहँड निळी स्कूटर. हे ऑफिसच्या कपड्यांत, किका मारून दमलेले. मग मला म्हणायचे, उतर जरा. मी डब्याची पिशवी छातीशी धरून बाजूला उभी. हे स्कूटर स्वतःच्या अंगावर ओढायचे, पार तिरकी, जसं काही तिच्या कानात पाणी गेलंय आणि ते काढायचंय. मग सरळ. एक किक. चालू. मी मागे बसून यांच्या कमरेला धरायची.

एकदा सिग्नलला शेजारी एक भलीमोठी मोटरसायकल येऊन थांबली. मागे बसलेल्या बाईला टेकायला चक्क गादी होती. मी बघितलं. मी बघत्येय हे यांनी बघितलं. म्हणाले, घेऊ एक दिवस.

तो एक दिवस यांच्या रिटायरमेंटनंतर उजाडला. क्रूझर. काळी कुळकुळीत, तीनशे किलो, मागे टेकायला गादी. यांनी चारेकदा फिरवली आणि माझी पाळी यायच्या आत यांची पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, पुढे बसायचं विसरा, मागे बसायचंही विसरा. तेव्हापासून हे कमरेला पट्टा बांधून बाल्कनीत बसतात आणि खाली मुळीच बघत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टला गाडी हवी आहे. हे देतो म्हणालेत.

काल जेवताना मी जाहीर केलं, विकायची नाही, मी चालवीन. वन्सं (यांची धाकटी बहीण, आठवड्यासाठी आल्या होत्या, तिसरा महिना चालू आहे) म्हणाल्या, वहिनी, तुम्हाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही. बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरलं ते असं: तीस तारखेपर्यंत मी गाडी गेटबाहेर नेऊन दाखवली तर गाडी आपली. नाही तर डेंटिस्टची.

हे भावनेच्या भरात नाही. आधी शास्त्रीय मूल्यमापन करणार. तीन विषय: परफॉर्मन्स, कम्फर्ट, हँडलिंग. प्रत्येकी दहा मार्क. तीस वर्षं पोरांचे पेपर तपासलेत, एक गाडी काय तपासता येणार नाही?

३ नोव्हेंबर
लर्निंग लायसन्स मिळालं. काँप्युटरवरच्या परीक्षेत एकच उत्तर चुकलं, आणि तो प्रश्नच व्याकरणदृष्ट्या चुकीचा होता. तसं खिडकीवर सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, बाई, पुढचा नंबर.

हेल्मेट अंबाड्यावरून खाली उतरत नाही. उद्यापासून वेणी.

खबरदारी म्हणून, मला काही झालं तर कोणाला काय द्यायचं ते ठरवून ठेवलं. मोत्यांच्या कुड्या वन्संना. कितीही झालं तरी यांची बहीण.

५ नोव्हेंबर
कम्फर्टची चाचणी. सुरुवात मागच्या सीटपासून केली, म्हणजे पूर्वग्रह नको. पेपर घेऊन गेले, शब्दकोडं अर्धं सुटलं. गादी उत्तम, पाठीला नेमकी लागते. डेंटिस्ट क्लिनिकला निघाला होता. म्हणाला, काकू, घराची किल्ली हरवली का? मी म्हटलं, टेस्ट राइड चालू आहे. तो गाडीकडे बघत बराच वेळ उभा राहिला. दात चांगले आहेत त्याचे, दृष्टी कमकुवत असावी.

मार्क साडेनऊ. चहाचा कप ठेवायला जागा नाही, म्हणून अर्धा कापला.

६ नोव्हेंबर
कम्फर्टची फेरतपासणी. मागचीच सीट. शब्दकोडं पूर्ण.

८ नोव्हेंबर, सकाळी
आज पुढे बसले. गाडी डावीकडे जराशी कलून उभी राहते. उजव्या गुडघ्यामुळे मीही तशीच उभी राहते. जुळणार आमचं.

बटण दाबलं आणि इंजिन चालू झालं! आवाज असा की पोटातला चहा हलला. मिक्सरशी काही संबंध नाही. मिक्सर कटकट करतो, ही घशातल्या घशात गाते. क्लच दाबला, पायाने पहिला गिअर टाकला, आणि गाडी बंद. पुन्हा चालू. गिअर. बंद. सहा वेळा.

वन्सं कंपाउंडमध्ये फेऱ्या मारत होत्या. जाता जाता माझ्यावर ओरडल्या, वहिनी, स्टँड!

अंगावर काटाच आला. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर अगदी याच सुरात म्हणायच्या. स्टँड! की आपण बाकावर उभं राहायचं, सगळ्या वर्गासमोर. पण तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता वन्संनी, माझ्याच सोसायटीत, मला गाडीवरून ऊठ म्हणून फर्मावायचं? भावाच्या गाडीवर बायको बसलेली बघवत नाही, सरळ आहे. मी मुळीच उठले नाही. उलट आणखी घट्ट बसले.

कुड्यांचा फेरविचार.

११ नोव्हेंबर
आज सराव नाही. आभाळ आल्यासारखं वाटलं. आलं नाही, पण तोवर दहा वाजले होते.

१२ नोव्हेंबर
आज सराव नाही. वेणी नीट बसली नाही.

१४ नोव्हेंबर
परफॉर्मन्सबद्दल निष्कर्ष: गाडीला पहिला गिअर आवडत नाही. न्यूट्रलमध्ये वाटेल तितका वेळ खुशीत असते. गिअर टाकला की बंद. आमच्या शाळेत असे शिक्षक होते. स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठा आवाज, वर्गात जायची वेळ आली की डोकं दुखायचं.

वन्सं आज पुन्हा. वहिनी, स्टँड, स्टँड! हातवारेसुद्धा, खाली बोट दाखवून. म्हणजे जमिनीवर उभं राहायचं. मी शांतपणे इंग्रजीत म्हटलं, आय शॅल रिमेन सीटेड. त्या कपाळावर हात मारून पुढच्या फेरीला गेल्या.

कुड्या भाचीला.

१९ नोव्हेंबर
हँडलिंगची चाचणी. हँडल डावीकडे वळवलं, वळलं. उजवीकडे वळवलं, वळलं. दहापैकी आठ. गाडी प्रत्यक्ष पुढे जात असताना अनुभव थोडा वेगळा असू शकतो, तेवढी सूट ठेवली आहे.

दुपारी यांना सगळं सांगितलं. म्हटलं, गाडी फार संयमी आहे. हे पहिल्यांदाच काहीतरी विचारतील असं वाटलं. पण नाही. पाठीचा पट्टा जरा घट्ट करून दे म्हणाले. मी करून दिला. पूर्वी या कमरेला धरायला माझा हात पुरायचा नाही. आता पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळावा लागतो.

गाडी विकायची नाही.

२४ नोव्हेंबर
वन्संशी बोलणं बंद. मीठसुद्धा यांच्यामार्फत मागते. हे म्हणाले, मी काय पोस्टमन आहे? पण म्हणाले आणि हसले. फार दिवसांनी हसले. तेव्हा अबोला चालू ठेवायला हरकत नाही.

आज गाडी खाली दिवसभर पुसली. मधेच वर बघितलं तर हे बाल्कनीच्या कठड्याशी उभे. नजरानजर झाली तर म्हणाले, कुंड्यांना पाणी घालतोय. हातात पाणी नव्हतं.

२९ नोव्हेंबर
सर्व तयारी पूर्ण. उद्या आठ वाजता निघणे. गेट, कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप, तिथून वळून हायवे. हायवेवर गाडी कशी धरते ते बघून हँडलिंगचे उरलेले मार्क देणे. नऊपर्यंत परत. यांच्यासाठी चहा मी आल्यावरच टाकणे, आधी नाही.

डेंटिस्टला जिन्यात सांगितलं, आशा सोडा. तो म्हणाला, काकू, मी तर आजच नवीन जॅकेट आणलं. वाईट वाटलं. मला होईल का, साइज विचारायची राहिली.

३० नोव्हेंबर, सकाळी सव्वाआठ
गिअर टाकला, बंद. नऊ वेळा. डेंटिस्ट जॅकेट घालून पायरीवर बसला आहे. हे बाल्कनीत. पाच मिनिटांची विश्रांती म्हणून वर आले आहे.

आत्ताच लख्ख आठवलं! एवढे दिवस कसं सुचलं नाही? स्कूटर! हे काय करायचे? तिरकी! पेट्रोल अडलंय बिचारीचं कुठेतरी. चाळीस वर्षांपूर्वी रोज पिशवी धरून मी ते तंत्र बघितलंय, आणि इथे गाडीच्या स्वभावाला नावं ठेवत होते. खाली जाते. सगळा प्रश्न एका मिनिटात मिटेल.

३० नोव्हेंबर, दुपारी
प्रश्न एका मिनिटात मिटला.

उजव्या बाजूला उभी राहिले, हे राहायचे तशी. दोन्ही हातांनी धरलं आणि अंगावर ओढली. पहिल्यांदा हललीच नाही. मग जराशी सरळ झाली. मग आली. तीनशे किलो म्हणजे काय, ते आकड्यात कळत नाही. वरून कोणीतरी ‘अगं ए!’ असं ओरडलं. लेग गार्ड होतं म्हणून पाय वाचला. डाव्या हाताचा अंगठा वाचला नाही.

डोळे उघडले तर समोर हे. पट्ट्याशिवाय. दोन मजले जिना उतरून, चपलाही न घालता. मला म्हणाले, वेडे, ती स्कूटर आहे का? मी म्हटलं, तुम्ही तसंच करायचात. हे हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, पाठ धरली, पुन्हा हसले. डेंटिस्टला म्हणाले, डॉक्टर, ऐकलंत का, तिरकी केली हिने! मलाही हसू आलं. अंगठा प्रचंड दुखत होता.

डेंटिस्ट, वॉचमन आणि वन्सं, तिघांनी मिळून गाडी उभी केली. टाकीला पोचा. मग वन्संनी साडीचा पदर खोचला, गाडीवर बसल्या, आणि डाव्या पायाने खालची लोखंडी दांडी खटकन मागे ढकलली. म्हणाल्या, हे स्टँड, वहिनी. साइड स्टँड. हे खाली असलं की गिअर टाकताच इंजिन बंद पडतं, कोणी तसंच पळवू नये म्हणून. तीन आठवडे घसा फोडून सांगत्येय.

गिअर टाकला. गाडी बंद पडली नाही. वन्सं गेटबाहेर गेल्या, डावीकडे वळल्या, आवाज लांब लांब गेला. मी पायरीवर अंगठा धरून विचारलं, वन्संना येते? हे म्हणाले, अगं, फिरती नर्स होती ना ती. वीस वर्षं गावोगाव मोटरसायकलवरच जायची. मी आपली समजत होते, वन्सं बसने जात असतील. इतक्या वर्षांत विचारलं नाही कधी.

डेंटिस्टने विचारलं, मग काका, आपलं कसं? हे म्हणाले, घरातच चालवणारं माणूस निघालं हो. आणि बाहेर, आवाज परत येत होता तिकडे बघत बसले.

२ डिसेंबर
अंगठ्याला प्लास्टर. मूल्यमापन पूर्ण. परफॉर्मन्स: दहा, मधले सगळे मार्क मीच खाल्ले होते. हँडलिंग: माझ्या हाती शून्य, वन्संच्या हाती दहा. कम्फर्ट: साडेनऊ कायम.

आता निर्धाराने, शुद्धीवर राहून, कोणाला काय ते पुन्हा लिहिते. जुनं रद्द समजावं.

मोत्यांच्या कुड्या वन्संना. भाचीला चांदीचा करंडा. तिला कुड्यांचं सांगितलं नव्हतं, तेव्हा बोभाटा नको.

गाडी वन्संच्या नावावर करावी. आठवड्यासाठी आल्या आहेत, तेवढा आठवडा वापरतील.

माझं हेल्मेट डेंटिस्टला, जॅकेट आणलंच आहे तर. वेणीवर सैल पडतं म्हणून आत कापूस भरला आहे, तो त्याने काढावा.

मागच्या सीटची टेकायची गादी यांना. स्क्रू काढून बाल्कनीतल्या खुर्चीला बसवावी, पाठीला नेमकी लागते. तोंड रस्त्याकडे.

मागची सीट माझी. प्लास्टर निघाल्यापासून, दर रविवारी. गादी नसली तरी चालेल. वन्संच्या कमरेला धरून बसेन. सवय आहे.

निघताना ‘स्टँड!’ म्हणून ओरडायचा हक्क फक्त माझा. तो कोणालाही देऊ नये.