दहा मिनिटांचा लकवा

आखाडा बाळापूर, मंगळवार, १२ ऑगस्ट २००३, संध्याकाळ

सकाळी चहा पिताना यांचं तोंड वाकडं झालं. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा शर्टावर गळत होता आणि यांना कळतही नव्हतं. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. तरी मी हट्टानं नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा लकवाच, मेंदूची नस तुंबली होती, आपोआप मोकळी झाली. पुढच्या वेळी मोकळी होईलच असं नाही. बीपीची गोळी रोज घ्या. पुन्हा असं झालं तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि डॉक्टर सांगेपर्यंत जीप चालवायची नाही.

दुखत तर काहीच नाही, मग हा लकवा कसा, असं हे विचारतात. मलाच नीट समजलं नाही, यांना काय समजावू? पण तो गळणारा चहा... आणि यांच्या जीपमध्ये रोज दहा-बारा माणसं.

मघाशी म्हणाले, "उद्या नांदेडची फेरी हाय. चावी कुठंय?"

"मला न्हाई माहीत." चावी माझ्या मुठीत होती.

"तू काहून घाबरून राहिली? मी बरा हाय की."

मी मूठ आणखी घट्ट आवळली. यांनी माझ्या मुठीकडं पाहिलं, खाटेवर बसले आणि गोळीसाठी पाणी मागितलं. पटलं म्हणून, की मला बरं वाटावं म्हणून, काही कळलं नाही.